बायनाबाई आणि बाळंतिणीची खोली

धर्मापुरीच्या पंचक्रोशीत कुणी नवं घर बांधायला काढलं की गवंडी मालकाला आधी विचारायचा, "बायनाबाईला दावलं का?" त्यात मस्करी असायची आणि थोडी भीतीही. दाखवलं नाही तरी ही बाई यायचीच. पदर सावरत, हातातल्या काठीनं भिंती ठोकत घरभर फिरायची आणि सगळं सोडून आधी बाळंतिणीची खोली कुठं आहे ते विचारायची. ती आतल्या कोपऱ्यात अंधारी निघाली की तिच्या तोंडाचा पट्टा सुटायचा तो मालकाच्या आज्यापर्यंत जाऊन यायचा. मोमिनाबादच्या दवाखान्यात एकामागून एक जे डॉक्टर आले त्यांनाही ती पुरती माहीत होती. गवंड्याला धरून दवाखान्यात नेणारी आणि डॉक्टरला धरून घराच्या पायाच्या खड्ड्याशी उभा करणारी दुसरी बाई साऱ्या निजामी मुलखात असेल असं मला तरी वाटत नाही. लोक तिला आगाऊ म्हणायचे. होतीच ती आगाऊ. पण माणूस उगीच आगाऊ होत नाही, आणि बायनाबाई कशी झाली ते सांगण्यासारखं आहे.

तिचं माहेर गेवराईकडचं उमापूर. लग्न होऊन ती धर्मापुरीच्या सुग्रीवच्या घरी आली. घर खाऊनपिऊन सुखी, काळी जमीन, गोठा भरलेला. कारभार सगळा थोरले दीर आप्पाराव यांच्या हातात. आप्पाराव कडक माणूस. ते ओसरीवर खाकरले की आत भाकरी थापणाऱ्या हातांचा आवाज बंद व्हायचा. सुग्रीव त्याच्या अगदी उलट. बैलाला सुद्धा जोरात हाक मारायचा नाही. आप्पारावांची बायको केशरबाई ही बायनाबाईची थोरली जाऊ. उभ्या जन्मात नवऱ्यासमोर त्यांचा शब्द कुणी ऐकला नव्हता.

पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं. उमापूरला अंजना झाली, अंगानं भरली, हसायला लागली, आणि बायना तिला घेऊन सासरी आली. पुढची तीन बाळंतपणं सासरीच झाली. ती तिन्ही लेकरं गेली.

गेली ती एकाच तऱ्हेनं. आठवडा भरत आला की धडधाकट पोर एका सकाळी दूध ओढेना व्हायचं. जबडा बसलेला असायचा. मग अंग ताठ व्हायचं, मुठी आवळायच्या, पाठ कमानीसारखी वाकायची, आणि दाराची कडी वाजली तरी ते इवलं शरीर झटका खायचं. पाहणाऱ्याला वाटावं की देवानं लवकर न्यावं. बायका म्हणायच्या, सटवीनं नेलं. केशरबाईंची दोन अशीच गेली होती आणि त्यांनी ते सटवीच्या पदरात घालून तोंड मिटून घेतलं होतं. बायनाला ते जमलं नाही. तिसरं गेलं तेव्हा दारात जमलेल्या बायकांना ती म्हणाली, "सटवीला समद्या गावात आमचीच खोली घावती का?" बायका कानांवर हात ठेवून उठून गेल्या.

ती खोली घराच्या पोटात होती. तिला खिडकी नाही, झरोका नाही, दाराला गोणपाट. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर लाकूड-मातीचं सपाट माळवद, आणि खाली आजेसासूच्या काळापासून शेणानं सारवत आलेली जमीन, पुटावर पूट चढून पायाखाली मऊ लागणारी. बाजेखाली विस्तव, धूर कोंडलेला. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून सगळ्या घरातली सगळ्यात वाईट जागा तिला काढून दिलेली. आणि असं एकट्या आप्पारावांच्याच घरी नव्हतं, घरोघरी तीच तऱ्हा होती.

अंजना मोठी झाली, तिचं लग्न झालं. फसली तेराशे बावीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे बारा-तेरा साल असेल. तिला दिवस गेल्याचा सांगावा आला आणि घरात आनंद झाला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे ह्याच घरी, ह्याच खोलीत. बायनाबाईचा तेव्हापासून घास उतरेना.

त्याच सुमाराला कुळवाची लोखंडी पास लागून सुग्रीवचा पाय चिरला. जखमेवर शेण लावलं आणि पाय भोपळ्यासारखा सुजला. गाडी जुंपून त्याला मोमिनाबादला नेलं. तिथं डॉक्टर वहीदुद्दीन म्हणून हैदराबादला शिकलेले गृहस्थ होते. उंच, किडकिडीत, बोलताना सारखा चष्मा पुसणारे. त्यांनी जखम पाहिली आणि भडकले.

"शेण किसने लगाया? शेणात, मातीत जहरचं बी असतं, बाई! आत गेलं की जबडा बंद होतो, आदमी अकडून मरतो. नशीब समजा, पाय फक्त सुजला."

बायनाबाई नवऱ्याचा पाय धरून बसली होती. तिनं तो सोडला.

"डाक्टरसाब, जबडा बसतो? आन् पाठ अशी वाकती? बारीक लेकराची बी?"

"नाळ कापतात ती जखमच आहे, अम्मा. तिथून शिरतं."

"आन् हे बी जमिनीत ऱ्हातं? किती साल?"

"बरसों. सालोंसाल झोपून राहतं."

पुढच्या खेपेला पाय दाखवायला आली तेव्हा तिच्या ओच्यात दोन पुरचुंड्या होत्या. एकीत खोलीच्या जमिनीची माती, दुसरीत खाणीतून नुकताच काढलेला मुरूम. डॉक्टरांच्या टेबलावर त्या ठेवून ती म्हणाली, "ह्यात तुमचं बी हाय का न्हाई ते मला दावा. तोंडानं सांगू नका, दावा."

डॉक्टर आधी हसले. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून हसायचे थांबले. दवाखान्यामागं त्यांनी ससे पाळले होते. दोन सशांच्या कातडीला चीर देऊन त्यांनी एकाच्या चिरेत ही माती भरली, दुसऱ्याच्या चिरेत मुरूम. बायनाबाई नवऱ्याचा पाय बरा होण्याचं निमित्त करून दवाखान्याच्या ओसरीवरच राहिली. मुरमाचा ससा पाला खात राहिला. मातीच्या सशाचा आधी एक पाय ताठ झाला, मग पाठ, मग जबडा. कुणी पाऊल वाजवलं की तो झटका खायचा. बायनाबाई खुराड्यासमोर बसून पाहत होती. डॉक्टर म्हणाले, "अम्मा, मत देखो." ती म्हणाली, "तीनदा बघितलंय साहेब. तवा कळत नव्हतं म्हणून बघितलं. आता कळतंय तर कावून नको बघू?" आणि मग मोठ्यानं रडली. तिन्ही लेकरांना मिळून रडायची राहिली होती तेवढी रडली.

रडून झाल्यावर तिला राग आला, आणि तो पुढं तिनं जन्मभर कामाला लावला.

डॉक्टरांनी उत्साहानं कागदावर खोली काढून दिली. चारी भिंतींना कमरेपासून वरपर्यंत खिडक्या, उजेडच उजेड. बायनाबाईनं तो कागद धोंडीराम गवंड्याला दाखवला. धोंडीराम गावातला जुना कारागीर, हात सोन्याचा, तोंड तिखट. गावातल्या प्राचीन देवळाचे दगड आपल्याच पूर्वजांनी घडवले असं तो सांगायचा आणि कुणी खोटं म्हणायला धजत नसे. त्यानं कागद उलटा धरला, सुलटा धरला आणि परत दिला.

"वैनी, ह्या मातीच्या भिताडाला एवढी भोकं पाडली तर आतले खांब बी जातील आन् माळवद बाळंतिणीच्या उरावर यील. तुमच्या डाक्टरनं कवा घर बांधलं का?"

हे ऐकून डॉक्टर चिडले. गवंड्याला जंतू काय ठाऊक, म्हणाले. ते ऐकून धोंडीराम चिडला. न दिसणाऱ्या किड्यासाठी मी दिसणारी भिंत पाडू का, म्हणाला. दोघंही आपापल्या जागी शहाणे, आणि अंजनाचे महिने भरत चाललेले. बायनाबाईनं दोनदा निरोपांची ने-आण केली. तिसऱ्यांदा तिनं गाडी जुंपायला लावली, धोंडीरामाच्या दारात उभी केली आणि म्हणाली, "बस. न्हाई बसलास तर तुज्या दारातून हलणार न्हाई."

मोमिनाबादला डॉक्टरांनी मातीच्या सशाच्या जखमेतला काढून ठेवलेला पू काचेवर घेतला आणि खुर्दबीन लावली. डोळ्याला न दिसणारं दाखवणारं ते पितळेचं नळकांडं पाहून धोंडीरामानं एक डोळा मिटला.

"मला माझीच पापणी दिसतीया."

डॉक्टरांनी चाकी फिरवली. धोंडीरामानं नळकांड्याला डोळा घट्ट लावला. बराच वेळ तो वाकून राहिला. "ढोलाच्या टिपऱ्या हायत," तो म्हणाला, "बारीक. एका टोकाला गाठ." मग सरळ होऊन त्यानं डॉक्टरांकडे पहिल्यांदा माणूस म्हणून पाहिलं. "हे मरतं कशानं?"

"उकळल्यानं. ते पण खूप वेळ. झाडून, धुऊन काही होत नाही."

"जमीन तर उकळता येत न्हाई साहेब. उकरून फेकावी लागंल. गुडघाभर. मग मुरूम ठोकायचा, वर काळ्या दगडाच्या फरश्या, मधल्या दरजा चुन्यानं भरायच्या. शेणाला काम ठिवायचं न्हाई."

"और खिडकी?"

"खिडकी हुती. पर तुमी म्हणता तिथं न्हाई. माळवदाचा भार लाकडी खांबांवर हाय, दोन खांबांच्या मधी भिंत नुसती आडोशाला असती. तिथं वरच्या अंगाला पाडतो. बाजेवर वारा न्हाई, धूर भाईर."

डॉक्टरांनी आपला कागद फाडला आणि दुसरा पुढं ओढला. ते दोघं बोलत राहिले, आणि बायनाबाई भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. तिचं काम झालं होतं असं तिला वाटलं. पण आप्पाराव अजून बाकी होते.

आप्पारावांनी एका शब्दात नाही म्हटलं. घराच्या पोटाला कुदळ लागणार नाही. बिनसारवलेल्या जमिनीवर आमच्या घरातली बाळंतीण निजणार नाही. हे त्यांनी बायनाबाईला सांगितलं नाही, सुग्रीवला सांगितलं. कारण धाकट्या भावजयीनं थोरल्या दिराशी बोलायचं नाही, समोर यायचं नाही, हा त्या घराचा रिवाज. बायनाबाई दाराआडून ऐकत होती. आप्पाराव परळीच्या बाजाराला निघून गेले आणि त्यांची गाडी वेस ओलांडते न ओलांडते तोच तिनं पदर खोचून कुदळ घेतली. धोंडीराम दारात उभा राहून पाहत होता. पहिला घाव तिनं घातला. ती म्हणाली, "आता तू घाल. पहिला माझ्या नावावर हाय."

आप्पाराव परतले तेव्हा खोलीत गुडघाभर खड्डा होता आणि अंगणात मातीचा ढीग.

"सुग्रीव, तुझ्या बायकोला इचार, कुणाच्या हुकमानं हे केलं?"

सुग्रीव मान खाली घालून उभा. तेवढ्यात आतून बायनाबाई बाहेर आली. डोक्यावर पदर होता, पण चेहऱ्यावर नव्हता.

"दादा, मलाच इचारा. मी हितंच हाय."

केशरबाईंच्या हातातलं सूप खाली आलं.

"ह्या जमिनीनं माझी तीन खाल्ली, तुमची दोन. आता माझ्या लेकीचं मी तिला वाढून देणार न्हाई."

"घराभाईर काढीन!"

"काढा. पर खोली झाल्यावर."

आप्पारावांचा हात वर गेला. नक्की काय झालं असतं ते सांगता येत नाही, कारण तेवढ्यात सुग्रीव पुढं झाला. तो भांडला नाही. त्यानं टोपलं उचललं, खड्ड्यात उतरला आणि माती भरायला लागला. भावाकडे पाठ करून तो एकेक टोपलं बाहेर आणून टाकत राहिला. आप्पाराव थुंकले आणि बाहेर गेले. घराच्या मध्यात खड्डा पडल्यावर तो तसा ठेवणंही शोभत नव्हतं, म्हणून काम थांबलं नाही. मात्र त्या दिवसापासून ते बायनाबाईच्या हातचं पाणी पिईनासे झाले.

खोली झाली. देखणी झाली. काळ्या फरश्या, पांढऱ्या दरजा, वरून येणारा उजेड. खिडक्यांच्या चौकटी बसवताना माळवदाचा दोन तुळयांमधला एक खण उघडावा लागला होता, तोही धोंडीरामानं नीट झाकला. बायनाबाई स्वतः खाली उभी राहून "दाबून घ्या, चांगली दाबून घ्या" असं ओरडत होती. दिवस भरले आणि अंजना तिथंच बाळंत झाली. साखराबाई सुईण कुरकुरली, पण विळा आणि दोरा रटरट उकळून घेतल्याशिवाय बायनाबाईनं तिला उंबरा ओलांडू दिला नाही. मुलगा झाला. लाल, रागीट, मुठी चोखणारा.

तिसऱ्या दिवशी सटवा नावाचा गडी मिरच्या वाळत घालायला माळवदावर चढला. त्याची पावलं वर वाजली आणि खालच्या लाकडांच्या फटीतून भुरूभुरू माती गळाली. बाळाच्या दुपट्यावर पडली. बायनाबाईनं ती झटकली. मग बोटांत धरून पाहिली. पांढरी, भुगा झालेली, शेणाच्या वासाची.

तिनं धोंडीरामाला बोलावून घेतलं. "त्या खणावर माती कुठली टाकली?"

"कुठली म्हंजी? घरचीच की वैनी. खोलीतून काढलेली. एवढी जुनी पांढरी माती, पाण्याचा थेंब खाली येऊ देत न्हाई. असली माती कोण टाकून..." तो मध्येच थांबला. त्याचा चेहरा उतरला.

जुनी माती टाकायची नाही, माळवदावर चढवायची, ही तिकडची रीतच आहे. धोंडीरामाचे हात रीतीनं चालले होते आणि बायनाबाईनं स्वतःच ती दाबून घ्यायला लावली होती. पुढं तिनं हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "छतावर माती? छतावर कोण माती टाकतं? तुम्ही मला सांगितलंच नाही!" "तुमी कवा इचारलं?" बायनाबाई म्हणाली. पण ते नंतर. आत्ता अंजनाच्या बाजेवर तीच माती गळत होती जी खुराड्यातल्या सशाच्या चिरेत गेली होती, आणि बाळाची नाळ अजून ओली होती.

खोली सोडायची, पण जायचं कुठं? बायनाबाई घरभर फिरली. सोपा सारवलेला, माजघर सारवलेलं, वर सगळीकडे मातीच. मग ती आप्पारावांच्या बैठकीच्या दारात येऊन थांबली. ह्या खोलीत बायका फक्त झाडायला यायच्या. तहसीलचे साहेब आले की इथं उतरायचे. खाली घोटीव फरशी, भिंतींना चुना, छताला सलग लाकडी फळ्यांची तख्तपोशी, खिडक्या चार. सगळं होतं इथं. डॉक्टर आणि गवंडी ज्यासाठी भांडले ते सगळं ह्या घरात आधीपासून होतं, फक्त ते येणाऱ्या-जाणाऱ्या हाकिमांसाठी होतं. ते पाहून बायनाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिनं गादी-तक्के उचलून अंगणात भिरकावले. फरशी कढत पाण्यानं धुतली.

"आई, मोठे बाबा मारतील गं," अंजना कळवळून म्हणाली.

"मारू दे. ऊठ."

भर दिवसा, सगळ्या आळीच्या देखत, विटाळातली बाळंतीण अंगणातून चालत गेली आणि बैठकीत जाऊन निजली. बाळाचे कपडे उकळले, नाळ उकळलेल्या पाण्यानं पुसली. आप्पाराव शेतातून आले तो आपल्याच बैठकीच्या दारात अडकले. आत सोयर होतं. बारसं होईपर्यंत त्यांना उंबरा ओलांडता येईना. दोन दिवसांवर तहसीलचे गिरदावर साहेब उतरायचे होते.

"भाईर काढ त्यांना! साहेबांना कुठं उतरवू?"

"लिंबाखाली," बायनाबाई आतून म्हणाली. "सावली हाय, वारा हाय. साहेबाची नाळ पडून लई दिस झाले, त्याला काई हुत न्हाई."

गिरदावर खरोखरच लिंबाखाली बसले. आप्पाराव त्यांच्यापुढं मान वर करू शकले नाहीत, आणि संतापानं त्यांनी भावाचं चूलपाणी वेगळं करायची भाषा काढली. बायनाबाईला ते ऐकूही आलं नाही. ती फक्त बाळाच्या तोंडाकडे पाहत होती. सहावा दिवस गेला. सातवा गेला. केशरबाई काही न बोलता येऊन भिंतीशी बसायच्या आणि त्याही तेच पाहायच्या. पाचवीची पूजा सुद्धा त्यांनी कोरड्या फरशीवर मांडली होती आणि शेणाचं नाव काढलं नव्हतं.

आठव्या दिवशी सकाळी बाळ उठेना. अंजनानं छातीशी धरलं, ते तोंड लावेना. बायनाबाईनं हात पुढं केला आणि तिचा हात हवेतच राहिला. तिला त्या गालाला बोट लावण्याचा धीर झाला नाही. केशरबाई उठल्या. त्यांनी करंगळी धुतली आणि बाळाच्या ओठांत घातली. क्षणभर काही नाही. मग बाळानं बोट इतकं जोरात ओढलं की केशरबाईंच्या तोंडून "आई गं" निघालं, आणि बोट काढून घेताच ते असं खणखणीत रडलं की लिंबावरचे कावळे उडाले. नुसतं झोपाळू होतं ते.

बाहेर आप्पारावांनी ते रडणं ऐकलं. तेही काही दगड नव्हते. ते दाराशी येऊन खाकरले आणि म्हणाले, "झालं न्हवं आता? जगलं पोरगं. बारसं झालं की माझी बैठक मोकळी करा."

बायनाबाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण केशरबाई तिच्या आधी दाराशी गेल्या होत्या.

"हितं चार खिडक्या व्हत्या," त्या नवऱ्याला म्हणाल्या. आवाज वर गेला नाही. "माझी दोन तिकडं अंधारात मेली. आता ही खोली न्हाई मिळायची."

आणि त्यांनी दार लावून आतून कडी घातली.